सोळाव्या वर्षी मत: स्कॉटलंडकडे बघा

ब्रिटनच्या संसदेसाठी मतदानाचं वय १८वरून १६ करावं का, या वादात "सोळा वर्षांच्या मुलांना काय कळतं?" असं विचारलं जातं. हा प्रश्न मला पटत नाही, कारण ब्रिटनच्याच एका भागात त्याचं उत्तर मिळालं आहे. २०१४च्या स्वातंत्र्य सार्वमतात स्कॉटलंडमधल्या १६-१७ वर्षांच्या मुलांनी मतदान केलं. त्यानंतर तिथल्या संसदेच्या निवडणुकीत त्यांना कायमचा हक्क मिळाला, आणि २०२१ला वेल्समध्येही. म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची मुलगी होलिरूडसाठी (स्कॉटलंडच्या संसदेसाठी) मत देते, पण वेस्टमिन्स्टरसाठी (ब्रिटनच्या संसदेसाठी) मात्र ती लहान! ही विसंगती मला फार खटकते. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात या वयाच्या मुलांना घ्यावं म्हणून लॉर्ड्सनी (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) विधेयकात दुरुस्ती केली होती, कॉमन्सने (कनिष्ठ सभागृहाने) ती फेटाळली. ज्यांना निकालासोबत सर्वांत जास्त वर्षं जगायचं होतं, तेच बाहेर राहिले.

"सोळाव्या वर्षी लग्न चालतं, मग मत का नाही" हा युक्तिवाद मात्र सोडून द्या. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३पासून लग्नाचं वय १८ आहे.

आणखी एक, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी: राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनाही तिथे संसदेसाठी मत देता येतं. वय उतरलं तर लेस्टरमधल्या मराठी घरातली अकरावीची मुलंही मतदार होतील.