मदत हवी आहे : पुढच्या फंडिंगनंतर 'महिला-मालकीची कंपनी' राहू का?

आम्ही दोघी फाउंडर. आज हिस्सा असा : आमचे मिळून ६०%, सीड (सुरुवातीचे) गुंतवणूकदार २५%, इसॉप पूल १५% (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर; एकही अजून कुणाला दिलेला नाही). नव्या राउंडमध्ये गुंतवणूकदाराला २०% हवेत, म्हणजे सगळ्यांचाच हिस्सा एक-पंचमांशाने घटून आम्ही ४८% वर येतो.

अडचण अशी की मोठ्या ग्राहक कंपन्यांच्या महिला-पुरवठादार यादीत राहायला किमान ५१% महिला-मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. वाढायला पैसे घ्यायचे तर ओळख जाते, असा विचित्र पेच.

आयएफसीच्या (जागतिक बँक समूहातली वित्तसंस्था) व्याख्येत दुसरा मार्ग आहे : महिलांचा किमान २०% हिस्सा, सीईओ किंवा सीओओ महिला आणि संचालक मंडळ असेल तर त्यात ३०% महिला. त्यात आम्ही बसतो (पाचात दोघी). बँकेच्या कर्जाला ते उपयोगी पडेल, पण या यादीला चालत नाही, विचारून झालं.

जादा मताधिकाराचे शेअर सुचवले गेले. पण मालकी आणि नियंत्रण दोन्ही वेगवेगळं तपासतात, त्यामुळे उपयोग नाही. कन्व्हर्टिबल नोटने (आधी कर्ज, नंतर त्याचे शेअर) प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. राउंड लहान करणं शक्य नाही.

न दिलेला इसॉप पूल (तेव्हा १२%) वगळला तर राउंडनंतर आमचा हिस्सा ८८ पैकी ४८, म्हणजे साधारण ५४.५% भरतो. ज्यांनी हे प्रमाणपत्र राउंडनंतर नूतनीकरण केलंय त्यांनी सांगा : तपासणीत फक्त वाटप झालेले शेअर धरले, की पूर्ण डायल्यूटेड (न दिलेला पूलही धरून) आकडा?