लिफ्टमध्ये कोण म्हणालं?

सौ. मुळे (बी-३०२): सगळ्यांना नमस्कार. काल संध्याकाळी लिफ्टमध्ये आपल्याच बिल्डिंगमधल्या एका ज्येष्ठांनी माझ्या ओमला ऐकवलं, "एमबीएच्या कॅट परीक्षेत ९७ आले ना, मग राऊचं आयआयएम विसर आता." नाव घेत नाही. मुलगा रात्री जेवला नाही. आजवर आपल्या सोसायटीत असं कधी झालं नव्हतं.

गोखले, सचिव (ए-१०१): मुळेताई, भावना पोहोचल्या. सर्वांनी शब्द जपून वापरावेत ही नम्र विनंती. उद्या नर्मदेच्या पाण्याचा दिवस आहे. बी विंगची मोटर कोणीही परस्पर चालू करू नये, मागच्या वेळी टाकी वाहिली.

सरवटे काकू (ए-२०३): पोरं उपाशी झोपली की जिवाला लागतं गं. पाठव त्याला, आज गराडू तळतेय.

शिंदे (सी-२०४): काकू, आम्ही पण उपाशीच आहोत 🙏

देशपांडे (बी-५०१): नाव घ्यायला काय झालं? मीच होतो. "विसर" म्हटलं नाही, "कठीण आहे" म्हटलं. त्याआधी दहावीचे मार्क विचारले, तो ८१ म्हणाला. राऊवाले दहावी-बारावीला भरपूर वजन देतात. त्यांच्याच साइटवर दिलेलं असतं, मी पदरचं सांगत नाही.

सौ. मुळे (बी-३०२): साइटवरचं लिफ्टमध्ये वाचून दाखवायला कुणी सांगितलं होतं?

पंडित (बी-१०४): ९७ टक्के आणि तरी मिळत नाही? आमच्या वेळी ६० ला पेढे वाटायचे.

प्रणव केळकर (सी-४०४): पंडितकाका, टक्के नाहीत, पर्सेंटाइल. बसलेल्या दर शंभरातल्या ९७ जणांच्या पुढे, असं. ऐकायला झकास वाटतं, पण कॅटला अडीच-तीन लाख पोरं बसतात. म्हणजे ओमच्या पुढे अजून साडेसात ते नऊ हजार जण उभे आहेत.

पंडित (बी-१०४): मग पेपरात मार्क किती पडले?

प्रणव केळकर (सी-४०४): बरोबरला तीन, चुकलं की एक वजा, आणि ज्यांना पर्याय नसतात त्यांना वजा नाही. अलीकडे तर एकूण मार्कांच्या निम्म्याहून कमी पडूनही पोरांना ९९ पर्सेंटाइल मिळालंय.

पंडित (बी-१०४): निम्म्याहून कमीत ९९! आणि आम्हाला म्हणे हिशेब येत नाही.

शिंदे (सी-२०४): सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब पण असाच असतो भिया 😂

गोखले, सचिव (ए-१०१): शिंदे, ऑडिट झालेलं आहे. कागद माझ्याकडे आहेत, केव्हाही येऊन बघा.

देशपांडे (बी-५०१): विषय भरकटतोय. मुद्दा दहावीच्या मार्कांचा आहे.

प्रणव केळकर (सी-४०४): काकांचं खोटं नाही. पण प्रत्येक आयआयएमचा तराजू वेगळा असतो. अहमदाबादवाले दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभव, सगळ्याला गुण देऊन वेगळं रेटिंग काढतात. बेंगळुरूतही अनुभव मोजतात. शिवाय टोटल चांगला असून एखाद्या सेक्शनचा कटऑफ हुकला की तिथेच नाव गळतं. ताई, ओमचे तिन्ही सेक्शन किती?

सौ. मुळे (बी-३०२): थांब, फोटो टाकते. 📷

शिंदे (सी-२०४): ताई, फोटो आडवा आलाय आणि रजिस्ट्रेशन नंबर दिसतोय. काढा लवकर.

पंडित (बी-१०४): मी म्हणतो मुलगी असती तर आपोआप चार गुण जास्त पडले असते.

सौ. देशमुख (ए-४०२): आपोआप? वर्गात मुली कमी म्हणून देतात ते गुण. माझ्या मुलीने कॅट दिली तेव्हा ती भंवरकुआंच्या क्लासहून रात्री नऊला एकटी यायची, त्याचे कुणी दिले नाहीत. गुण दिसतात बरोबर तुम्हाला.

पंडित (बी-१०४): वहिनी, गंमत केली हो.

सौ. देशमुख (ए-४०२): कळलं.

देशपांडे (बी-५०१): (फॉरवर्ड) दहावी-बारावीच्या मार्कांना वजन असते, पालकांनी नोंद घ्यावी.

शिंदे (सी-२०४): काका, हे तुमचंच मघाचं आहे, फॉरवर्ड कसं झालं?

शिंदे (सी-२०४): मुळेताई, मुंबईचं जमनालाल बजाज बघा ना. फी कमी, नाव मोठं, आणि आपण मराठीच.

प्रणव केळकर (सी-४०४): तिथेच तर गोची आहे. महाराष्ट्राच्या जागा महाराष्ट्रातून शिकलेल्यांना किंवा तिथल्या डोमिसाइलवाल्यांना. आपली पोरं इंदूरची, ती ऑल इंडियाच्या थोड्या जागांत.

सरवटे काकू (ए-२०३): सुभेदार मल्हारराव होळकरांबरोबर आलेलं घराणं आमचं. अजून गोडा मसाला पुण्याहून येतो. आणि आम्ही बाहेरचे?

शिंदे (सी-२०४): मसाल्याला डोमिसाइल आहे काकू, आपल्याला नाही.

मुळे साहेब (बी-३०२): फीचं पण बोला कोणीतरी. राऊला दोन वर्षांचे वीस लाखांच्या वर आहेत. एके काळी तेवढ्यात तिथे प्लॉट आला असता.

प्रणव केळकर (सी-४०४): काका, आयआयएमसाठी बँका बिनतारण कर्ज देतात, ती चिंता आत्ता नको. मी म्हणतो, फक्त राऊ-राऊ करू नका. रायपूर २०१० ची, काशीपूर २०११ ची, सिरमौर आणि बोधगया २०१५ च्या. यांतल्या काही जणी मिळून एकत्र मुलाखत घेतात. ९७ वर तिथून बोलावणं यायची शक्यता चांगली आहे. जानेवारीत एक्सएटी आहे, एमबीएचीच दुसरी परीक्षा, ती वेगळी.

देशपांडे (बी-५०१): मुलाखतीतही दहावीबद्दल विचारतात.

गोखले, सचिव (ए-१०१): मुलाखतीत इंदूरबद्दल विचारतील. २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिले. बी विंगच्या पोरांनी आधी ओला-सुका कचरा वेगळा करून दाखवावा.

सौ. मुळे (बी-३०२): गोखले भाऊ, आमचा डबा वेगळाच असतो. वरच्या मजल्यावरून काय येतं ते बघा.

देशपांडे (बी-५०१): हा रोख माझ्याकडे आहे का?

मुळे साहेब (बी-३०२): मी ओम, बाबांच्या फोनवरून. आई, तू ग्रुपवर टाकलंस हे मला आत्ता कळलं. व्हीएआरसी (इंग्रजी) ९८, डीआयएलआर (डेटा आणि तर्क) ९७, क्वांट (गणित) ८३. मेकॅनिकल इंजिनिअर असून क्वांट ८३, त्याचं जास्त वाईट वाटलं. डीआयएलआरच्या चाळीस मिनिटांतली चौदा एका सेटवर घालवली आणि तो शेवटी सोडलाच. राऊचं कठीण आहे हे मला निकालाच्या दिवसापासून माहीत आहे. पिथमपूरच्या प्लांटची बस वीस महिने रोज त्याच टेकडीखालून जाते, गेट मला पाठ झालंय. एक्सएटीचा फॉर्म भरलाय. नव्या आयआयएमही टाकल्यात. देशपांडेकाकांनी मला लिफ्टमध्ये काही वाईट म्हटलं नाही. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली होती, तेवढ्यात आमचं दहावीपर्यंत बोलणं गेलं.

शिंदे (सी-२०४): लिफ्ट परत अडकली? गोखले साहेब?

गोखले, सचिव (ए-१०१): मेकॅनिकला फोन केला आहे.

सरवटे काकू (ए-२०३): मग जेवला का नाहीस रे बाळा?

मुळे साहेब (बी-३०२): काकू, छप्पन दुकानवर मित्रांबरोबर दोन हॉट डॉग खाऊन आलो होतो. ओम.

सौ. मुळे (बी-३०२): मला म्हणालास भूक नाही!!

देशपांडे (बी-५०१): ओम, रविवारी सकाळी दहाला वर ये. मी चाळीस वर्षं बँकेत माणसं घेतली आहेत, मुलाखतीची तालीम करू. पहिला प्रश्न तयार ठेव, दहावीला कमी का पडले.

(सौ. मुळे यांनी एक मेसेज डिलीट केला)

देशपांडे (बी-५०१): सकाळचा तो मेसेज ना? माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.