मदत हवी आहे : रुग्णालयातील कीटकनियंत्रणाचे मूल्यमापन कसे करावे?

नमस्कार. आमच्या रुग्णालयातील कीटकनियंत्रणाचे मूल्यमापन माझ्याकडे आले आहे. मात्र कंत्राटदाराच्या नोंदवहीत ‘फवारणी केली’ एवढाच शेरा असतो, झुरळे कमी झाली का, याचा पत्ता नाही. स्वयंपाकघरात फ्रिजच्या मोटरमागे चिकट सापळा लावला, तर एका रात्रीत बारीक पिल्लेच अधिक सापडली, म्हणजे पैदास आतच सुरू आहे. डासांची अडचण वेगळी. डासांची पैदास मोजणारा ब्रेटो निर्देशांक तपासलेल्या दर 100 घरांमागे डासांच्या अळ्या आढळलेली पाणी साठलेली भांडी मोजतो. पण रुग्णालयात ‘घर’ कशाला धरावे, वॉर्डाला की मजल्याला? अतिदक्षता विभागात फवारणी टाळून जेल (झुरळांसाठीचे विषारी आमिष) आणि सापळ्यांवर भागवणाऱ्यांनी साप्ताहिक पाहणीचा तक्ता कसा आखला आहे, हे कृपया कळवावे.