विषय: मांगरातले दिवे – प्लग कापायचा का? (तातडीचं)

वैशाली:
मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो. पाऊस आहेच. शनिवारच्या भजनाचं ठरलंय तसंच, पण मांगरात (घराबाहेरच्या सामानाच्या खोपीत) उजेड नाही. आचाऱ्याचं सामान, पत्रावळी सगळं तिथेच ठेवलंय आणि संध्याकाळी बायका नारळ खोवायला तिथेच बसणार. प्लग पॉइंट फक्त पडवीत. मिलिंदने लेस्टरहून आणलेलं एक्स्टेन्शनचं रीळ पुरतंय, पण त्याचा प्लग इथे जात नाही. वायरमन म्हणतो, कापून इथला थ्री-पिन लावतो. लावू दे का? आज कळवा, तो उद्या सावंतवाडीला जाणार आहे.

मिलिंद:
कापू नका!! माझ्या बॅगेत ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर आहे, तो लावा. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्रश्न येतोच कुठे?

नानाकाका:
मिलिंद, तसले अ‍ॅडॉप्टर फोन चार्ज करायला ठीक. बऱ्याचशा अ‍ॅडॉप्टरांत अर्थची पिन नसतेच, किंवा असते ती नुसती प्लास्टिकची. रिळात तीन तारा आणि भिंतीपर्यंत पोचतात दोन. वर तो जड प्लग सॉकेटातून लोंबणार, सैल होणार, तापणार.

प्लग कापायला माझी हरकत नाही, पण वायरमनला दोन गोष्टी सांग, वैशाली. एक, रंग. तिकडच्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. त्याचा हात लाल-काळ्या-हिरव्याला बसलेला असेल. दोन, इंग्लंडच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, इथल्यात नसतो. कापलास की तो गेला. मग भिस्त घरातल्या बोर्डावर. तिथे अजून किटकॅट फ्यूज असतील आणि त्यात कुणी जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर भजन अंगणातच उरका.

बोर्डात ईएलसीबी आहे का? एमसीबी वेगळा, भार वाढला की पडतो तो. तो वायर वाचवतो, माणूस नाही. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवा. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये तेवढा फरक पडला की तो लाईन तोडतो. त्यावर ‘टी’चं बटण असतं, ते दाबून बघ. लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर तो शोभेचा.

आणि पत्रा. चिऱ्याच्या भिंतीवरून वायर आत घेताना ती पत्र्याच्या कडेवर टेकली, वाऱ्याने घासली, की इन्सुलेशन कापलं जातं आणि अख्खं छप्पर जिवंत होतं. आमचा गडी सांगायचा, “पत्र्याक वायर टेकवू नकात.” शाळा न शिकलेला माणूस. खिळ्यालाही अडकवू नका, सुतळीने बांधा. दारातून नको, दार चेपतं. खिडकीच्या गजांतून आत घ्या, आणि घेण्याआधी बाहेर वायरीला खाली झोळ द्या. पावसाचं पाणी त्या झोळावरून बाहेरच ठिबकतं, वायरीवरून आत सॉकेटात जात नाही.

रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेलं ठेवून भार टाकला की आतल्या आत तापतं. लेबलवर गुंडाळलेलं आणि उलगडलेलं असे दोन आकडे असतात, ते वाचा.

खजिनदार:
ते रीळ मंडळाचं आहे. गेल्या दिवाळीला घेतलं, पावती माझ्याकडे आहे. हॉलच्या कपाटातून कोणी, कोणाला विचारून नेलं? रजिस्टरमध्ये नोंद नाही. मंडळाच्या वस्तूचा प्लग कापायचा तर कार्यकारिणीचा निर्णय लागतो.

मिलिंद:
खजिनदारसाहेब, दिवाळीला स्टेजची लाईट मीच लावली होती, तेव्हा रीळ माझ्याच गाडीतून आलं आणि माझ्याच गाडीत राहिलं. स्पीकरच्या डिपॉझिटचं काय झालं, ते आधी सांगा.

शुभदावहिनी:
अरे, वेंगुर्ल्यात बसून कार्यकारिणी कसली? मुळात वायर हवीच कशाला? निसर्ग वादळानंतर (जून २०२०) दापोलीकडे आमच्या माहेरी कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हापासून चार्जिंगचे कंदील घेऊन ठेवलेत. घरात चार्ज करायचे, मांगरात टांगायचे. पूर्वी पेट्रोमॅक्स असायची, तिची पिशवी फाटली की भजनीबुवा अंधारातच अभंग पूर्ण करायचे. आणि कुणी दिव्यांची माळ आणली असेल तर व्होल्टेज बघा. माझ्या बहिणीने न्यू जर्सीहून आणलेली ११० ते १२० ची होती, इथे लावल्या लावल्या फट्ट!
ता. क. येताना कोकम आगळ कोण आणणार आहे?

खजिनदार:
डिपॉझिटचा हिशेब वार्षिक सभेत मांडला होता. मिलिंद त्या सभेला नव्हते.

नानाकाका:
वहिनी, बरोबर. उजेडापुरतं बघाल तर ९ वॉटचे दोन एलईडी म्हणजे काहीच भार नाही, चार्जिंगचे कंदील उत्तमच. भीती मला दिव्याची नाही, एक्स्टेन्शनच्या बोर्डाची आहे. मांगरात बोर्ड दिसला की कुणीतरी चहाची किटली आणून लावणारच. २००० वॉटची किटली साडेआठ अँपिअरच्या वर घेते, आणि पडवीतला पॉइंट सहाचा. मागे पेंढा, नारळाची सोडणं (सालं), सुकी झावळं. हॅलोजनही नको, त्याची काच भयंकर तापते.

मिलिंद:
किटली माझी आहे म्हणून हा टोमणा का?

वैशाली:
बोर्ड उघडून बघितला. ईएलसीबी आहे, बटण दाबलं तर लाईट गेली आणि सासूबाईंची मालिकाही गेली. तरी रीळ कापत नाही. वायरमन स्वतःची वायर देतो म्हणाला, थ्री-पिनवाली, वापरून झाली की परत. एक एलईडी तिच्यावर, दोन कंदील शुभदावहिनींच्या भाचीकडून. झोळ देऊन, सुतळीने बांधून झालं. मांगरातल्या बोर्डाच्या रिकाम्या सॉकेटांवर चिकटपट्टी मारलीय. किटली, मिक्सर घरात.

रीळ मिलिंदच्या बॅगेत आहे, प्लगसकट. नोंद कुणी करायची ते तुम्ही दोघं बघा.

आगळ आणते. बाटल्या किती हव्यात ते मला एकटीला लिहा, सगळ्या लिस्टला नको. सामानाला २३ किलोची मर्यादा आहे, आणि मिलिंदचं रीळ मी घेणार नाही.