सव्वातीनशे डॉलरचा कूलर घ्यावा का?

सांजवारा (फ्रीमाँट)

आम्ही चौघं, दोन मोठे आणि दोन लहान. उन्हाळ्यात दोन-तीनदा गाडी घेऊन तीन रात्रींच्या कॅम्पिंगला जातो, कधी योसेमिटी, कधी यूटा. घरात ४८ क्वार्टचा (सुमारे ४५ लिटरचा) साधा प्लास्टिकचा कूलर, म्हणजे बर्फ भरून अन्न गार ठेवायची पेटी आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यात कोमट पाणी आणि त्यावर तरंगणारी पनीरची पाकिटं एवढंच उरतं. येटी कंपनीचा टुंड्रा ४५ नावाचा कूलर बघतोय, सव्वातीनशेच्या आसपास पडेल. सोबत दूध, दही, पनीर, डोशाचं पीठ, मसाला लावलेलं चिकन आणि मुलांचे ज्यूस असतात. पैसे वसूल होतील का? की पन्नास-साठ डॉलरचा दुसरा घेऊन बर्फच जास्त भरावा?

उष्णमापी

आधी हिशेब करू, मत नंतर.

पेटी स्वतः काही थंड करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरायला ती वेळ लावते, इतकंच. किती वेळ, ते फोमच्या जाडीवर ठरतं. टुंड्राच्या भिंतीत साधारण ५ सेंमी पॉलियुरेथेन फोम असतो, झाकणात त्याहून जाड. बाहेर ३० अंश आणि आत शून्य धरलं तर या मापाच्या पेटीत सुमारे १४ वॅट उष्णता सतत शिरत राहते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे दिवसाला साडेतीन किलो बर्फ नुसत्या भिंतींपायी गेला. अडीच सेंमी फोमची स्वस्त पेटी असेल तर हाच आकडा सात-आठ किलो, आणि झाकण पोकळ असेल तर वर किलो-दीड किलो. रात्री गारवा असेल तर दोन्ही आकडे उतरतील, प्रमाण साधारण तेच राहील.

आता तीन दिवसांचा फरक झाला बारा किलो, म्हणजे दहा पौंडी पिशव्या अडीच-तीन. पिशवीला चार डॉलर धरा. ट्रिपमागे दहा-बारा डॉलर वाचले. अडीचशे डॉलरचा फरक भरून निघायला वीसेक ट्रिपा हव्यात, तुमच्या वेगाने सात-आठ वर्षं. केवळ बर्फाच्या पैशांसाठी कुणी घेत असेल तर घेऊ नये.

पण बर्फाला जागाही लागते. बारा किलो खडे वीसेक लिटर जागा खातात. तेव्हा स्वस्तातली पेटी घ्यायची तर ७० क्वार्टची घ्या, ४८ ची नको. आणि टुंड्राच्या नावातला ४५ हा आकडा लिटर नाही, क्वार्टही नाही. आत जेमतेम ३५ लिटर जागा असते. दुकानात झाकण उघडून बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

तुमचा बर्फ दुसऱ्याच दिवशी संपतो याचं कारण मात्र पेटीपेक्षा भरण्यात असावं. ३५५ मिलीचे २४ डबे ३० अंशांवरून २ अंशांवर आणायला तीन किलो बर्फ लागतो. गराजमध्ये तापलेली पेटी स्वतःच किलोभर खाते. जाड भिंतीची महागडी पेटी तर जास्तच, कारण तिच्यात प्लास्टिक जास्त. घर सोडायच्या आधीच चार किलो संपले की पुढे ब्रँड काय करणार?

दगडधोंडे

वरच्या हिशेबाशी सहमत, पण महागडी पेटी फक्त थंडाव्यासाठी घेत नाहीत. रोटोमोल्ड म्हणजे साच्यात पावडर घालून, फिरवत तापवून एकसंध बनवलेलं कवच. त्यावर उभं राहता येतं, पिकअपच्या हौद्यात पट्ट्यांनी आवळून बांधता येतं, बिजागरी उखडत नाही. स्वस्त पेटीत सगळ्यात आधी जाते ती बिजागरी, मग कडी, मग पाणी काढायच्या बुचाची रबरी चकती. ग्रँड कॅन्यनमध्ये राफ्टवर दोन-दोन आठवडे राहणाऱ्यांना ही मजबुती लागतेच. गाडीच्या डिकीतून कॅम्पसाइटच्या टेबलापर्यंत नेणाऱ्याला तिचा काय उपयोग?

वजनही बघा. टुंड्रा ४५ रिकामा साडेदहा किलो. बर्फ आणि सामान भरून तीस-पस्तीस किलोच्या घरात जातो, एकट्याने डिकीत चढवायचा तर कंबर धरते.

दुकानदार अस्वलाची भीती घालून विकतात, म्हणून तेही सांगतो. या पेट्यांना आयजीबीसी या अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलांसाठीच्या समितीचं ‘अस्वलाला दाद न देणारी’ असं प्रमाणपत्र असतं. चाचणी माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनच्या केंद्रात खऱ्या ग्रिझली अस्वलांपुढे पेटी टाकून होते. पण दोन्ही कोपऱ्यांच्या भोकांत कुलपं लावलेली असतील तरच ते प्रमाणपत्र लागू. रबराच्या कड्या अस्वलाला काहीच नाहीत. आणि योसेमिटीत रात्री गाडीत अन्न ठेवायला बंदीच आहे, सगळं लोखंडी फूड लॉकरमध्ये जातं. जिथे लॉकर दिलेला आहे तिथे प्रमाणपत्रासाठी जादा पैसे मोजू नका. उलट लॉकरची उंची आधी पार्कच्या माहितीत बघून घ्या. उंच पेटी आत बसली नाही तर तिथे दुसरी सोय नसते.

हर्णैकर

इकडे कोकणात बंदरावर ज्या इन्सुलेटेड पेट्या मासळीला वापरतात त्या याच पद्धतीने बनवलेल्या असतात, रोटोमोल्ड आणि आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम. दिसायला ओबडधोबड, कप ठेवायला खाचा नाहीत, पण काम तेच. पुण्या-मुंबईच्या कुणाला तारकर्लीला तंबू घेऊन जायचं असेल तर परदेशी पेटी मागवण्यापेक्षा अशी लहान मापाची पेटी शोधा. एका रात्रीसाठी तर जाड थर्माकोलची पेटी, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी, पुरते. तिचा दोष इतकाच की कोपरा तुटतो आणि थर्माकोल मासळीचा वास सोडत नाही.

बर्फ कारखान्यातली लादी घ्या, खडे नकोत. लादी आणि खडे यांची किलोमागची एकूण ताकद सारखीच, पण लादीभोवतीची हवा किंचित गरम राहते म्हणून बाहेरून उष्णता थोडी कमी ओढली जाते. मासे ठेवायचे असतील तर मात्र कुटलेला बर्फच लागतो, माशाला सगळीकडून चिकटला पाहिजे. आपल्या हवेत मासळीएवढाच बर्फ, वजनाला वजन.

आणि वितळलेलं पाणी काढून टाकत राहा, बूच थोडं सैल ठेवा.

उष्णमापी

हर्णैकर, मासळीसाठी शंभर टक्के बरोबर. रक्ताचं पाणी वाहून गेलंच पाहिजे. पण बंद पाकिटं आणि बाटल्या असतील तर पाणी काढू नका. ते शून्य अंशाचंच असतं आणि डब्यांच्या मधल्या सगळ्या फटी भरून टाकतं. ते काढलं की त्या जागी गरम हवा येते. नवा बर्फ घालायच्या वेळी काढा, त्याआधी नाही. पनीर तरंगतं ही अडचण पाण्याची नाही, पाकीट तळाशी ठेवल्याची आहे. वर जाळीचा ट्रे टाका.

दुसरा एक समज: झाकण उघडलं की बर्फ संपतो. ३५ लिटर हवा आणि तिच्यातलं बाष्प गार करायला तीनेक किलोज्यूल लागतात, म्हणजे दहा ग्रॅम बर्फ. दिवसात वीसदा उघडलं तर पाव किलोही नाही. गार हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या पेटीतून ती फारशी सांडतही नाही. खरं नुकसान होतं ते काढलेल्या गार डब्याच्या जागी लगेच गरम डबा टाकल्याने. तेव्हा मुलांना झाकणावरून ओरडू नका, गरम ज्यूस आत टाकू नका एवढंच सांगा.

मीठ घातल्याने बर्फ जास्त टिकतो, हाही गैरसमज. मिठाने तापमान शून्याखाली जातं, बर्फ उलट लवकर वितळतो. कुल्फी गोठवायची असेल तर ठीक.

खटपट्या

आहे त्याच पेटीत सुधारणा करायची असेल तर झाकणापासून सुरू करा. झाकण बोटाने वाजवा. ढोलासारखा आवाज आला तर ते पोकळ आहे. आतल्या बाजूने ८ मिमीची सहा-सात भोकं पाडा आणि खिडक्या-दारांसाठी मिळणारा कमी फुगणारा स्प्रे फोम भरा. भिंतीच्या भेगांचा जोरात फुगणारा फोम वापरलात तर झाकण पोट काढल्यासारखं फुगतं आणि मग बसतच नाही.

एकदम भरायचा नाही. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. पोकळीत एकदम कोंबला तर बाहेरून साल धरते आणि मधला भाग दिवसेंदिवस चिकट राहतो. आत पाण्याचा हलका फवारा मारा, एक तृतीयांश फोम भरा, तासभर थांबा, पुढचा थर. शेवटी एक दिवस भोकं उघडी ठेवून बाहेर आलेला फोम ब्लेडने कापा आणि भोकं सिलिकॉनने बुजवा. हातमोजे हवेतच, कातडीवरचा फोम दोन-दोन दिवस निघत नाही.

मग कडेला दारांना लावतात ती चिकट रबरी पट्टी. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून बघा, सहज सुटून आली तर तिथे फट आहे. एवढं करून साधी पेटी महागडीच्या बरोबरीला येत नाही, पण तीन रात्री निघतात.

बिनबर्फी

कुणीच बोललं नाही म्हणून: सव्वातीनशे डॉलर खर्चच करायचे असतील तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज त्याच किमतीच्या आसपास मिळतो. बर्फ नाही, पाणी नाही, ४० लिटर म्हणजे खरेच ४० लिटर. चालताना ४५ ते ६० वॅट घेतो, पण सतत चालत नाही. तिशीच्या तापमानात सरासरी वीसेक वॅट, म्हणजे दिवसाला ५०० वॅट-तासांच्या आसपास. गाडी रोज दोन-तीन तास चालणार असेल तर मध्यम पॉवर स्टेशनवर (गाडीत चार्ज होणाऱ्या सुट्या मोठ्या बॅटरीवर) निभतं. गाडी तीन दिवस एकाच जागी उभी राहणार असेल तर सोलर पॅनल लागेल, आणि तिथे खर्च दुप्पट होतो. गाडीच्या बॅटरीला थेट जोडलात तर कमी व्होल्टेजला बंद होण्याचं सेटिंग ‘हाय’वर ठेवा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

‘बर्फाशिवाय चालणारा’ म्हणून साठ-सत्तर डॉलरला जे मिळतं ते पेल्टियरचं, म्हणजे वीज दिल्यावर एका बाजूने गार होणाऱ्या चकतीचं खेळणं. बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशच खाली जातं आणि वीज मात्र अखंड खातं. यूटातल्या मोआबच्या ४० अंशांत तुमचं दूध २० अंशांवर राहील.

सांजवारा (फ्रीमाँट)

सगळ्यांचे आभार. टुंड्रा तूर्त बाजूला ठेवतो. ७० क्वार्टची पेटी घेऊन झाकण भरतो. भरायचं कसं ते कुणी क्रमाने सांगेल का? आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरावा का?

उष्णमापी

निघायच्या दोन दिवस आधी एक गॅलनची (पावणेचार लिटरची) दुधाची रिकामी कॅन चार-पाच घेऊन पाणी भरा. वर दहावा भाग मोकळा सोडा, गोठताना पाणी ९ टक्के फुगतं. घरगुती फ्रीझरला एवढं गोठवायला दीड-दोन दिवस लागतात. आदल्या रात्री पेटी घरात आणून तिच्यात एक पिशवी बर्फ टाकून झाकण लावा. सकाळी तो फेकून द्या. दूध, चिकन गोठवूनच घ्या. ज्यूस रात्रभर फ्रिजमध्ये.

तळाशी गोठलेल्या कॅन, त्यांवर चिकन दुहेरी पिशवीत, कायम सगळ्यात खाली. मग गोठलेलं दूध. फटींत खडे बर्फ. वर ट्रे, ट्रेवर दही, पनीर, भाज्या. सगळ्यावर एक जुना टॉवेल किंवा फोमची पातळ गादी, म्हणजे रिकामी जागा उरत नाही. डोशाच्या पिठाचा डबा दोन तृतीयांशच भरा आणि झाकण सैल ठेवा. गारव्यात आंबणं मंदावतं, थांबत नाही. घट्ट झाकणाचा डबा घाटात फुटला तर पीठ तळापर्यंत जातं. आत फ्रिजचा साधा थर्मामीटर टाका. ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त गेलेलं चिकन टाकून द्यायचं. बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास.

पेटी सावलीत, लाकडी बाकाखाली. यूटाच्या कोरड्या हवेत वर ओला टॉवेल टाकला तर चांगला फरक पडतो. कोकणात हा उपाय चालत नाही, तिथे टॉवेल वाळतच नाही.

ड्राय आइस तीन रात्रींसाठी नको. उणे ७८ अंशांचा असतो, शेजारची भाजी दगड होते, आणि दिवसाला दोन-चार किलो उडून जातो. एका किलोचा ५०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो, तो बंद गाडीत मुलं झोपलेली असताना नकोच. आइस्क्रीमच न्यायचं असेल तर वेगळी लहान पेटी, बूच सैल, खिडक्या उघड्या, आणि तुकडे हातमोजे घालून जाड पुठ्ठ्यावर, सामानाच्या वर.

दगडधोंडे

लॉकरचं विसरू नका. ७० क्वार्टवाल्या बऱ्याच पेट्या ४५ वाल्या टुंड्रापेक्षा उंच असतात. दुकानात टेप घेऊन जा, आणि चाकं-हँडल धरून माप घ्या.