दाब हलतो म्हणजे बुडबुडाच असे नव्हे
HPLC मध्ये (द्रव मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या उपकरणात) दाब खालीवर होत असेल तर पंपात हवा अडकली आहे, पर्ज करा (म्हणजे वेगाने द्रव सोडून हवा बाहेर काढा), हे मत बहुतेक वेळा बरोबरच ठरते. मात्र पर्ज करूनही पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर दाब ठरावीक लयीत पडत राहिला, तर संशय इनलेट चेक व्हॉल्व्हवर (पंपात द्रव एकाच दिशेने येऊ देणाऱ्या झडपेवर) घ्यावा. विद्रावक म्हणून शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल वापरताना या व्हॉल्व्हमधील माणकाचा गोळा नीलमण्याच्या बैठकीला चिकटू शकतो. आमच्याकडे असेच झाले होते आणि आम्ही आधी विनाकारण पंपाचे सील बदलले. शेवटी व्हॉल्व्ह काढून आयसोप्रोपेनॉलमध्ये 15 मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवला, तेव्हा दाब स्थिरावला. परत बसवताना प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण जरूर पाहावा, कारण व्हॉल्व्ह उलटा बसला तर प्रवाहच मिळत नाही.