छोटा हॉल, मागे नवीन बिल्डिंग आणि आवाजाच्या तक्रारी... काय करावं?

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण गेली ६ वर्षं एक छोटा हॉल चालवतोय, ८० खुर्च्या मावतात, नाटकं, गाणं, मधल्या दिवसांत चित्रांची प्रदर्शनं. सुरू केला तेव्हा मागे मोकळा प्लॉट होता, आता तिथे मोठी बिल्डिंग झालीय आणि लोक राहायला आल्यापासून दर शनिवारी तक्रार. मागच्या शनिवारी गायिकेनं दुसरं गाणं सुरू केलं आणि दारात माणूस उभा, कार्यक्रम तिथेच थांबवला. लोक काही न बोलता उठले आणि जाताना आपापल्या खुर्च्या भिंतीला लावून गेले, ते बघून मला भरूनच आलं. खाली एक नवराबायको ६ टेबलांचं हॉटेल चालवतात, आमचा कार्यक्रम असला की सगळी टेबलं भरतात, नसला की एखाददुसरं. म्हणजे हॉल गेला तर त्यांचंही अवघड आहे. भिंतींना फोम लावायचा विचार चाललाय, उपयोग होईल का?

प्रतिसाद १
ताई, फोमवर पैसे घालू नका प्लीज. मी साउंडचं काम करतो. फोमनं हॉलच्या आतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, आणि बेसला, म्हणजे खालच्या जाड आवाजाला, तर तो अजिबात दाद देत नाही, ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिथे दोन इंचाचा फोम काय करणार. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. भिंतीच्या क्षेत्रफळात १ टक्का जरी फट उघडी असली तरी भिंत कितीही जाड असू दे, २० डेसिबलच्या वर आवाज अडतच नाही. रात्री आतले दिवे लावून बाहेरून बघा, जिथून उजेड दिसेल तिथून आवाज जातोय. आधी मागचं दार बघा, रबरी पट्टी लावा, आणि स्पीकर थेट स्टेजवर न ठेवता खाली जाड रबर घाला.

प्रतिसाद २
वरचं बरोबरच आहे पण सगळा खर्च हॉलवाल्यांनीच का करायचा? 'एजंट ऑफ चेंज' नावाचं तत्त्व आहे, जो नंतर येतो त्यानं सोय करायची. जुन्या हॉलशेजारी घरं बांधली तर खिडक्याभिंती आवाज अडवतील अशा करणं बिल्डरचं काम, आणि घरांशेजारी नवा हॉल आला तर जबाबदारी हॉलची. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये हे नियोजनाच्या नियमांत आणलं, इंग्लंडनं २०१८ मध्ये. तुमच्याकडे नियम नसला तरी तुम्ही आधीपासून आहात याचे पुरावे, म्हणजे परवाने, जुनी पोस्टर्स, तारखेचे फोटो, आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. आणि शेजारी अजून एखादा प्लॉट रिकामा असेल तर तिथला प्लॅन मंजूर व्हायच्या आधी लेखी हरकत द्या, नंतर कुणी ऐकत नाही. रहिवाशांशी मात्र भांडू नका, त्या बिचाऱ्यांना घर घेताना हॉलबद्दल कुणी सांगितलंही नसेल.

प्रतिसाद ३
मी हॉटेलवाला आहे, माझ्याही शेजारी असाच हॉल आहे म्हणून लिहितोय. आधी एक करा, तक्रारी नेमक्या किती वाजता येतात ते लिहून काढा. आमच्याकडे सगळे गाण्याला दोष देत होते आणि प्रत्यक्षात त्रास होता कार्यक्रम सुटल्यावर रस्त्यात अर्धा तास चालणाऱ्या गप्पांचा आणि गाड्या चालू करण्याचा. मग हॉलवाल्यांनी कार्यक्रम तासभर आधी सुरू केला आणि लोकांना मागच्या गल्लीतून न सोडता पुढच्या दारानं सोडायला लागले. माझाही फायदा झाला, लोक जेवायला वेळेत येतात. पण ८० जण एकदम ६ टेबलांवर आले तर अर्धे परत जाणार, म्हणून किती तिकिटं गेली ते दुपारीच खाली सांगत जा, त्या दोघांना तयारी करता येते, नाहीतर एक तर माल उरतो नाहीतर माणसं परत जातात आणि दोन्हीत छोट्या हॉटेलवाल्याचंच नुकसान.

(मूळ प्रश्नकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढून बघितलं, ९ तक्रारींपैकी ६ कार्यक्रम संपल्यानंतरच्या आहेत!! हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि काल रात्री दिवे लावून बाहेरून बघितलं तर मागच्या दाराखाली बोटभर उजेड दिसत होता. उद्या सुतार येतोय. रविवारी बिल्डिंगमधल्या लोकांना हॉलवर बोलावलंय, खालचे दादावहिनीही येणार आहेत, काय ठरतं ते इथेच लिहीन.